तेच ते दहा पॉडकास्ट सोडून ऐकण्यासारखं कुठे सापडतं?

प्रश्न थोडक्यात असा: रोज कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन अडीच-तीन तास प्रवासात जातात, कानात हेडफोन असतात, आणि ॲप उघडलं की तीच दहा नावं पुढे येतात. प्रेरणादायी मुलाखतींचा कंटाळा आलाय. इतिहास आणि संगीत आवडतं. इंग्रजी-हिंदी चालतं, मराठी मिळालं तर उत्तम. फारसे कुणाला माहीत नसलेले पण ऐकण्याजोगे पॉडकास्ट शोधायचे कसे?

मी ध्वनिसंपादन करते. आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर म्हणून सुरुवात झाली, आता इतरांच्या पॉडकास्टचं एडिटिंग हेच पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे ऐकणं हा माझा धंदाही आणि छंदही. नावांची यादी शेवटी देतेच, पण याद्या लवकर शिळ्या होतात, म्हणून आधी पद्धत सांगते. पॉडकास्ट शोधायच्या फंदात न पडता एपिसोड शोधा. एक चांगला एपिसोड हाती लागला की तो बनवणाऱ्या माणसांचा माग काढा. बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

ॲप तीच नावं का दाखवतं ते आधी बघू. ॲपलच्या यादीत वर असलेला कार्यक्रम सगळ्यात जास्त ऐकला जातो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात किती जण ऐकतात, नव्याने किती जणांनी फॉलो केलं, एपिसोड कुठवर ऐकला गेला, अशा गोष्टी एकत्र करून ती यादी बनते. त्यामुळे वाजतगाजत सुरू झालेला, पाठीशी जाहिरात असलेला कार्यक्रम पहिल्याच आठवड्यात वर चढतो. सात-आठ वर्षं इमानेइतबारे चाललेला, ठरावीक श्रोते असलेला कार्यक्रम कितीही चांगला असला तरी तिथे दिसत नाही. शिवाय ही यादी देशागणिक वेगळी असते. भारताच्या यादीत जे नाही ते आयर्लंडच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या यादीत असू शकतं, आणि दुसऱ्या देशांच्या याद्या बघायला कुणाची आडकाठी नाही.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण माहीत असलेली बरी. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड, म्हणजे नवीन भाग आला की ॲपला आपोआप कळावं अशी इंटरनेटवर ठेवलेली यादी. डेव्ह वायनर यांनी २००० सालाच्या अखेरीस या फीडला ध्वनिफीत जोडण्याची सोय केली, बेन हॅमर्स्ली यांनी २००४ मध्ये 'गार्डियन'मधल्या लेखात पॉडकास्टिंग हे नाव वापरलं, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली. म्हणजे सगळे पॉडकास्ट एका गोदामात कधीच नव्हते. ज्याचा तो आपल्या किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ठेवतो, आणि ॲपवाले त्याची फक्त नोंद घेतात. मग कुठलंही एकच ॲप हे एकच नोंदवही ठरतं. ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये 'पॉडकास्ट इंडेक्स' नावाची खुली नोंदवही सुरू केली. कुणालाही वापरता येईल अशी, लाखो फीड असलेली. ॲपमध्ये न सापडलेली बरीच छोटी कामं तिथे सापडतात.

आता शोधण्याकडे वळू. बहुतेक लोक शोधचौकटीत 'हिस्टरी पॉडकास्ट' असं काहीतरी टाकतात. त्यातून मोठे मासेच येणार, कारण ज्यांनी नावातच 'हिस्टरी' घातलंय ते सगळे हजर होतात. त्याऐवजी एखादं नेमकं नाव टाका. माणूस, गाव, लढाई, राग, काहीही. आणि शोध एपिसोडच्या पातळीवर घ्या. 'लिसन नोट्स' हे संकेतस्थळ याच कामासाठी आहे. एपिसोडची शीर्षकं आणि वर्णनं त्यात धुंडाळता येतात, आणि भाषा, तारीख, लांबी यांनुसार चाळणी लावता येते. 'पॉडचेझर'वर माणसांच्या नावाने शोधता येतं. कुणी कुठल्या एपिसोडमध्ये पाहुणा होता, कुणी निर्मिती केली, याच्या नोंदी तिथे असतात.

उदाहरण घेऊ. केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या. त्यांनी गायलेली भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. आता त्यांच्या नावाने एपिसोड शोधायला गेलात तर संगीताच्या कार्यक्रमांइतकीच अवकाशविज्ञानाची आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाची मंडळीही जाळ्यात येतात. संगीताच्या विभागात वर्षभर फिरूनही ज्या कार्यक्रमाचं नाव कानावर आलं नसतं, तो असा बाजूच्या दाराने सापडतो. फक्त एक करा: नावाची सगळी स्पेलिंगं टाकून बघा. इंग्रजीत केसरबाई हे एका शब्दातही लिहितात आणि तोडूनही. नासाच्या यादीत ते 'केसर बाई' असं तोडून आहे. मलिक अंबरच्या शेवटी कुणी 'एआर' लावतं, कुणी 'ईआर'. ज्ञानेश्वर तर विचारूच नका. कुणी 'डीएन'ने सुरू करतं, कुणी 'जेएन'ने, उत्तरेकडचे 'जीवाय'ने.

देवनागरीत शोधताना आणखी एक खाच आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'पॉडकास्ट'मधला 'ॉ' हे संगणकाच्या लेखी एकच अक्षरचिन्ह आहे. पण पुष्कळ लोक टंकताना आधी काना देतात आणि मग वर चंद्र काढतात. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, मशीनसाठी मात्र ते दोन वेगळे शब्द. डॉक्टर, कॉलेज, बॉम्बे, ऑडिओ अशा सगळ्या शब्दांत हा घोळ होऊ शकतो. म्हणून मराठीत शोधताना अशा शब्दांवर भिस्त ठेवू नका. 'गोष्ट', 'इतिहास', 'किल्ला' असे साधे शब्द घ्या, आणि तेच रोमन लिपीतही टाकून बघा, कारण कितीतरी मराठी कार्यक्रमांची नावं फक्त रोमनमध्येच आहेत. फीडमध्ये भाषेचा रकाना असतो, तोही बनवणारे अनेकदा भरत नाहीत किंवा इंग्रजीवर तसाच सोडतात. त्यामुळे नुसती 'मराठी' अशी चाळणी लावली की बरंचसं मराठीच गळून जातं.

आता माणसांच्या मागे जाण्याबद्दल. हा माझा सगळ्यात आवडता भाग. एपिसोड संपताना श्रेयनामावली येते तेव्हा आपण हमखास पुढचा एपिसोड लावतो. ते करू नका. सूत्रसंचालकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. निर्माता आणि ध्वनिसंयोजक यांची नावं टिपा, कारण कार्यक्रमाची चव बहुतेक वेळा त्यांच्या हाताची असते. बीबीसी रेडिओ ४ वर 'शॉर्ट कट्स' नावाचा छोट्या ध्वनिकथांचा कार्यक्रम होता, जोझी लाँग सादर करायच्या. त्याच्या निर्मितीत एलेनर मॅकडॉवल हे नाव ऐकू यायचं. त्या नावाचा माग काढला की 'फील्ड रेकॉर्डिंग्ज' सापडतं. यात जगभरचे ध्वनिकर्मी कुठल्या तरी शेतात, माळावर, किनाऱ्यावर जाऊन गप्प उभे राहतात आणि जे ऐकू येईल ते मुद्रित करतात. निवेदन नाही, संगीत नाही, सांगायला कुणीही येत नाही. पहिल्यांदा ऐकताना 'हे काय!' असं वाटतं. पाचव्या मिनिटाला पाणी किती अंतरावर आहे, वारा कुठून येतोय, हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं. त्याच बाईंचं 'रेडिओ ॲटलस' हेही सापडतं. वेगवेगळ्या भाषांतले ध्वनिमाहितीपट तिथे मूळ आवाजात ऐकायचे आणि पडद्यावर इंग्रजी उपशीर्षकं वाचायची. एका नावातून आणखी दोन दारं उघडली, आणि दोन्ही ॲपने आपणहून दाखवली नसती.

माणसांसारखेच छोटे समूहही धरून ठेवावेत. बोस्टन परिसरातल्या स्वतंत्र पॉडकास्टवाल्यांचा 'हब अँड स्पोक' नावाचा एक गट आहे. त्यातला 'द लोनली पॅलेट' मी चित्रकलेशी काडीचा संबंध नसलेल्यांनाही ऐकायला लावते. टॅमर अविशाई ही कलेच्या इतिहासाची जाणकार बाई एका एपिसोडला एकच कलाकृती घेते. सुरुवात तिच्या व्याख्यानाने होत नाही. ती संग्रहालयात त्या चित्रापुढे उभ्या असलेल्या अनोळखी लोकांना विचारते, तुम्हाला काय दिसतंय? कुणी रंग सांगतं, कुणी 'ही बाई चिडलेली दिसते' म्हणतं, कुणी काहीतरी अगदीच भलतं बोलतं. चित्र आपल्यासमोर नसतं, पण पाच-सहा जणांच्या अर्धवट वर्णनांतून ते डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि मग ती इतिहासाकडे वळते. केवळ आवाजात चित्र दाखवायचा याहून चांगला मार्ग मी ऐकलेला नाही.

'रेडिओटोपिया' हे नेटवर्क त्या मानाने मोठं आहे, पण त्यांनी नवीन कार्यक्रमांसाठी घेतलेल्या स्पर्धेतून 'इअर हसल' आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात, कैदी आणि तिथे स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या कलाकार नायजेल पूर यांनी मिळून आतून बनवलेला. २०१७ पासून चालू आहे. सहसूत्रसंचालक अर्लॉन वुड्स शिक्षा भोगत असतानाच हा कार्यक्रम करत होते. २०१८ मध्ये राज्यपालांनी त्यांची शिक्षा कमी केली आणि ते बाहेर आले. अमेरिकेत हे नाव सर्वश्रुत आहे, आपल्याकडे फारसं नाही. 'कमी माहीत असलेलं' हे शेवटी कुठून बघतो त्यावर ठरतं.

भारतातलं पाहू. अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन' २०१७ पासून आहे आणि चांगलाच प्रसिद्ध आहे. तीन-चार, कधी त्याहून जास्त तासांचे एपिसोड. तो सुचवायचा म्हणून सांगत नाहीये. त्याच्या प्रत्येक एपिसोडखाली पुस्तकं, लेख, इतर पॉडकास्ट यांच्या दुव्यांची लांबलचक यादी असते, आणि तीच खरी खाण आहे. एपिसोड ऐकायला वेळ नसला तरी पाहुणा तुमच्या विषयातला असेल तर यादी तेवढी वाचा. पाहुणा आवडला तर त्याच्या नावाने इतर एपिसोड शोधा. मोठ्या कार्यक्रमात पाठ केल्यासारखं बोलणारा माणूस छोट्या कार्यक्रमात, त्याच्याच क्षेत्रातल्या कुणाशी बोलताना, फार मोकळा होतो. हा अनुभव मला एडिटिंगच्या टेबलावरही येतो.

इतिहासासाठी अनिरुद्ध कनिसेट्टी यांचा 'एकोज ऑफ इंडिया' ऐका. दख्खनच्या राजवटींवर पुढे पुस्तक लिहिणारा हा माणूस, त्यामुळे दिल्ली हेच जगाचं केंद्र असा सूर त्यात नाही. 'स्क्रोल्स अँड लीव्ह्ज' हा गायत्री वैद्यनाथन आणि मेरी-रोझ अब्राहम यांचा कार्यक्रम हिंदी महासागराच्या व्यापारवाटांपासून सुरू होतो. आवाजाचं काम इतकं बारीक आहे की हेडफोनशिवाय ऐकण्यात अर्थ नाही. हैदराबादच्या 'सुनो इंडिया'चा 'डिअर परी' हा मूल दत्तक घेण्यावरचा कार्यक्रम आहे. विषय आपला नसला तरी चालेल, संवेदनशील विषयावर भडक न होता कसं बोलावं ते त्यात ऐकू येतं. हिंदीत 'पुलियाबाज़ी' आहे. प्रणय कोटस्थाने, सौरभ चंद्र, ख्याती पाठक ही मंडळी सार्वजनिक धोरणासारख्या रुक्ष विषयावर गप्पा मारतात आणि रुक्षपणा पळून जातो.

एका ठिकाणाकडे कुणी बघतच नाही: संस्थांची व्याख्यानं. जाहिरात करणं त्यांना जमत नाही, मालाला मात्र तोड नसते. बंगळूर इंटरनॅशनल सेंटरचा 'बीआयसी टॉक्स' आहे. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं देतंय, आणि ती आता पॉडकास्ट म्हणूनही मिळतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या शहरात राहणाऱ्या माणसाला दीड तास एका वक्त्याचं ऐकायचा कंटाळा यायचं कारण नाही. आवाज कधी कधी सभागृहातला, थोडा घुमणारा असतो. तेवढं सोसावं.

मराठीची गोष्ट जरा वेगळी आहे. 'अमुक तमुक', 'व्हायफळ', 'मित्र म्हणे' ही नावं तुम्हाला माहीत असणारच. यातलं बहुतेक जग यूट्यूबवर आहे, कॅमेऱ्यासमोर, आणि लांब गप्पांच्या स्वरूपात. त्यात वाईट काही नाही, पण ते डोळ्यांसाठी बनतं. पाहुणा हसला की त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो, आपण मात्र बसमध्ये नुसती शांतता ऐकत बसतो. फक्त कानांसाठी लिहिलेलं, संहिता असलेलं मराठी कमी आहे. बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' त्या प्रकारात मोडतं. एक आंतरराष्ट्रीय विषय घेऊन नीट बांधलेला एपिसोड, उगाच पाल्हाळ नाही.

पण तुम्हाला इतिहास आणि संगीत दोन्ही हवंय ना? मग पॉडकास्ट या चौकटीच्या जरा बाहेर या. 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया यांच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरींचं ध्वनिमुद्रण केलं, आणि २०१७ पासून 'पारी' त्या प्रकाशित करतंय. एखादं पान उघडून बघा. वर मुद्रण, खाली ओव्या मराठीत, आणि त्याखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं किती, काम काय, मुद्रण कधी झालं. मोठमोठ्या संगीत ॲपवर गायकाचं नाव धड सापडत नाही, आणि इथे दळणाऱ्या बाईची एवढी साद्यंत नोंद. त्यातल्या अनेक ओव्या मुळशी तालुक्यातल्या आहेत. हिंजवडी मुळशीतच येते. कामावर जाताना ज्या डोंगरांकडे तोंड करून बस चालते, त्यांच्याच पलीकडच्या गावांतले आवाज आहेत हे. फीड नाही, संकेतस्थळावरच ऐकावं लागतं, एवढीच अडचण.

कम्युनिटी रेडिओ हीसुद्धा अशीच दुर्लक्षित जागा आहे. म्हसवडची 'माणदेशी तरंग', पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी', नाशिकचं 'रेडिओ विश्वास'. या केंद्रांचं सगळंच इंटरनेटवर येत नाही आणि येतं ते एका जागी नसतं. केंद्राच्या नावाने यूट्यूबवर, फेसबुकवर धुंडाळावं लागतं. पण माणदेशातल्या बाईच्या तोंडून शेळीपालनाबद्दल ऐकताना जी भाषा कानावर पडते ती स्टुडिओत बसून कुणाला लिहिता येणार नाही. जुनी ध्वनिमुद्रणं आवडत असतील तर 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक'ने जुन्या ग्रामोफोन तबकड्या डिजिटल करून साउंडक्लाउडवर ठेवल्या आहेत, तेही बघा.

सापडलं, आता पारखायचं कसं? लोक पहिला एपिसोड लावतात किंवा सगळ्यात ताजा. दोन्ही चूक. पहिल्या एपिसोडमध्ये बनवणारा अजून चाचपडत असतो, आणि ताजा एपिसोड कधी कधी केवळ वेळापत्रक पाळायला काढलेला असतो. मधला एक निवडा, आणि शक्यतो तुम्हाला आधीपासून नीट माहीत असलेल्या विषयावरचा. तुम्ही बँकेत असाल तर बँकिंगवरचा, गड-किल्ले पालथे घातले असतील तर किल्ल्यांवरचा. तिथे ते चुकत असतील, ऐकीव माहिती ठोकून देत असतील, तर इतर विषयांतही तेच करत असणार. फक्त तिथे ते आपल्याला कळणार नाही. इतिहासाच्या पॉडकास्टना ही कसोटी लावाच लावा, कारण खड्या आवाजात, मागे ढोल-ताशे वाजवत सांगितलेली दंतकथा पटकन खरी वाटते. सांगणारा 'अमक्या बखरीत असं आहे, पण ती बखर घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहे' असं म्हणतो का, ते बघा. म्हणत असेल तर तो माणूस भरवशाचा.

दहा मिनिटं पुरतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत विषयाला हात घातला नाही, नुसतं 'लाइक करा, फॉलो करा' चाललं असेल तर मी बंद करते. आवाजाचा दर्जा थोडा कमी असला तर चालतो. घरच्या कपाटात कपड्यांमध्ये बसून केलेलं मुद्रण कधी कधी स्टुडिओपेक्षा चांगलं लागतं, कारण कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. पण एक दोष मी माफ करत नाही. प्रत्येक श्वास आणि प्रत्येक विराम कापून टाकलेला असतो, माणूस दम न घेता बोलतोय असं वाटतं. त्यात पाहुण्याने विचार करायला घेतलेला वेळही कापला जातो, आणि पुष्कळदा सगळ्यात खरं असतं ते त्या थांबण्यातच. हेच दुसऱ्या बाजूनेही: पॉकेट कास्ट्स, ओव्हरकास्ट अशा ॲपमध्ये शांतता आपोआप छाटण्याची सोय असते. बातम्यांना ती लावा, कथाकथनाला आणि ध्वनिमाहितीपटाला लावू नका. दीडपट वेगाचंही तेच.

आणि हो, बसमधल्या गोंगाटात 'फील्ड रेकॉर्डिंग्ज' लावू नका, इंजिनखेरीज काहीही ऐकू येणार नाही. प्रवासात दोन माणसांचा स्पष्ट संवाद किंवा एकाचं नीट निवेदन, आणि नाजूक ध्वनींचं काम रात्री घरी, अशी विभागणी केली की निम्म्या कार्यक्रमांवरचा अन्याय टळतो.

बंद पडलेल्या पॉडकास्टना कमी लेखू नका. आमच्या धंद्यात बहुतेक कार्यक्रम काही भागांतच विझतात, पण काही जण ठरवून पूर्ण करतात आणि थांबतात. माइक डंकन यांचा 'द हिस्टरी ऑफ रोम' २००७ ला सुरू होऊन २०१२ ला संपला. रोमच्या स्थापनेपासून पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळेपर्यंत एक सलग गोष्ट, अजून फीडवर आहे. अमेरिकेतले एक वकील, केव्हिन स्ट्राउड, २०१२ पासून इंग्रजी भाषेचा इतिहास क्रमाने सांगतायत. तो अजून चालू आहे, आणि सुरुवातीच्याच भागांत कोलकात्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स आणि संस्कृत येतात. असे क्रमवार कार्यक्रम मात्र अपवाद, ते पहिल्यापासूनच ऐकायचे.

छोट्या कार्यक्रमांचा धोका हा की बनवणाऱ्याने होस्टिंगचे, म्हणजे सर्व्हरवरच्या जागेचे, पैसे भरणं थांबवलं की फीड एक दिवस नाहीशी होते. आवडलेलं उतरवून ठेवा. अँड्रॉइडवर 'अँटेनापॉड' हे मोफत, जाहिरातीविना चालणारं, मुक्तस्रोत ॲप आहे. त्यात कुठल्याही फीडचा पत्ता थेट टाकता येतो आणि फाइल फोनमध्ये राहते. आपल्या वर्गण्यांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (ही दुसऱ्या ॲपलाही वाचता येते) अधूनमधून काढून ठेवा. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट बंद झालं तेव्हा ज्यांनी यादी वेळेत बाहेर काढली नाही त्यांना वर्षानुवर्षं जमवलेलं पुन्हा आठवत बसावं लागलं.

सुचवणाऱ्यांपैकी 'इअरबड्स पॉडकास्ट कलेक्टिव्ह' मला उपयोगी वाटतं. दर आठवड्याला एक विषय, एक माणूस, पाच एपिसोड. एपिसोडच सुचवतात, कार्यक्रम नाही, म्हणून. 'पॉडन्यूज' हे रोजचं पत्र मुख्यतः आमच्यासारख्या धंद्यातल्या लोकांसाठी आहे, तुम्हाला त्याची गरज नाही. 'रेफोनिक' या संकेतस्थळावर एक जाळं बघायला मिळतं: हा पॉडकास्ट ऐकणारे आणखी काय ऐकतात. मधल्या गर्दीत न फिरता कडेला लोंबकळणारी नावं उघडा.

याहून खात्रीचा मार्ग एकच, आणि तो कुणी वापरत नाही. आवडलेल्या छोट्या कार्यक्रमाच्या माणसाला मेल करा. पत्ता वर्णनात असतोच. एखाद्या एपिसोडमधलं नेमकं काय आवडलं ते दोन ओळींत लिहा आणि विचारा, 'तुम्ही स्वतः काय ऐकता?' मोठ्यांकडून उत्तर येत नाही. छोट्यांकडून येतं, आणि लांबलचक येतं, कारण त्यांना असं कुणी विचारलेलंच नसतं. माझ्या फोनमधल्या निम्म्या वर्गण्या अशा मेलमधून आलेल्या आहेत.

तुमच्यासाठी पहिला आठवडा असा लावते. सोमवारी जाताना 'एकोज ऑफ इंडिया'चा मधलाच एखादा भाग, येताना 'गोष्ट दुनियेची'. मंगळवारी 'द लोनली पॅलेट', ज्या चित्रकाराचं नाव ऐकलेलं आहे त्याचा. बुधवारी दोन्ही वेळा 'स्क्रोल्स अँड लीव्ह्ज'. गुरुवारी 'पुलियाबाज़ी', नाही जमलं तर सोडून द्या. शुक्रवारी येताना काहीच नवीन लावू नका, आठवड्यात जे आवडलं त्याची श्रेयनामावली पुन्हा ऐकून दोन नावं लिहून घ्या, आणि शनिवारी ती 'पॉडचेझर'वर टाका. ओव्या रविवारी, घरी, शक्यतो सकाळी.